संगणकाची साक्ष : पुरावा आणि दायित्व

ब्रिटनमधील टपाल शाखांच्या हिशेबासाठी १९९९ पासून ‘होरायझन’ ही फुजित्सू कंपनीची संगणकप्रणाली वापरात आली. प्रणालीतील दोषांमुळे अनेक शाखांच्या खात्यांत प्रत्यक्षात नसलेली तूट दिसू लागली. करारानुसार ती शाखाचालकांनीच भरून द्यावी, अशी भूमिका पोस्ट ऑफिसने घेतली. अनेकांनी पदरमोड करून रकमा भरल्या. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण चोरी, फसवणूक किंवा खोट्या हिशेबासाठी दोषी ठरले; काहींना कारावासही झाला.

या अन्यायाला कायद्यातील एका बदलाने हातभार लावला. संगणक योग्य रीतीने चालत होता हे दाखविल्याशिवाय त्याच्या नोंदी पुराव्यात घेऊ नयेत, अशी अट इंग्लंडमधील १९८४ च्या कायद्यात होती. १९९९ च्या कायद्याने ती वगळली. त्यानंतर यंत्र बिनचूक असल्याचे गृहीत धरले जाऊ लागले. त्याविरुद्ध शंका उभी करण्याचे ओझे आरोपीवर आले; मात्र दोषांच्या नोंदी कंपनीकडेच होत्या.

डिसेंबर २०१९ मध्ये ५५५ जणांच्या दाव्यात उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. मे २०२४ मध्ये तर संसदेलाच अशा दोषसिद्धी सरसकट रद्द करणारा कायदा करावा लागला.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० द्वारे पुरावा कायद्यात कलम ६५-ब आले. संगणकीय नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादात स्पष्ट केले. संबंधित कार्यालय ते देत नसल्यास न्यायालयामार्फत मागविता येते, असेही त्या निकालात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू असून, प्रमाणपत्रावर आता तज्ज्ञाचीही स्वाक्षरी लागते.

तथापि, प्रमाणपत्र म्हणजे प्रणाली निर्दोष असल्याची हमी नव्हे. नोंद जशीच्या तशी सादर झाली, तरी मुळातील हिशेब चुकलेला असू शकतो. म्हणूनच ‘संगणकात तसे दिसते’ हे उत्तर अंतिम मानता येत नाही. ज्याच्यावर ठपका येतो, त्याला प्रणालीतील बदलांच्या व बिघाडांच्या नोंदी मिळाल्या, तरच दायित्व योग्य ठिकाणी निश्चित होऊ शकते.