मार खाणारी आई, मार देणारी आई

गोंदियाकडे धानाच्या बांधावर आणि बोडीच्या काठाला बेशरमाची झाडं हवी तेवढी. काडी हलकी, लवचीक आणि फुकट. आम्ही शिकत होतो तेव्हा सर एखाद्या मुलाला पाठवून ती तोडून आणवत, आणि पहिला फटका पुष्कळदा आणणाऱ्यालाच बसे. घरी तीच काडी चुलीमागे खोचलेली असे. पुढे शिक्षक झाल्यावर ती आमच्याही टेबलावर आली. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात आम्हाला चांगले गुण होते, पण त्यामुळे काडीचं काही अडलं नाही.

एके दिवशी फळा पुसायला आम्ही डस्टर उचललं, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने झटकन कोपर डोक्यावर धरलं. तिला आम्ही कधी मारलं नव्हतं. ती सवय घरची होती. त्यानंतर घरातल्या माराविषयी कुठे काय लिहून ठेवलं आहे, ते आम्ही शोधू लागलो.

पहिला पुरावा हाताशीच होता. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ ही उर्दू कादंबरी १८७४ची. घराण्याला दीनदार करण्याची ही गोष्ट. त्यातली थोरली मुलगी नईमा सासरी भांडण होऊन तान्ह्या बाळासह माहेरी आलेली आहे. बाळ रडतं. धाकटी हमीदा नमाजला उभी असल्यामुळे त्याला घेत नाही. चिडलेली नईमा तिला ढकलते, हमीदाला लागतं, रक्त येतं. मग आई फहमीदा येते, आणि नमाजविषयी वेडंवाकडं बोलणाऱ्या नईमाच्या तोंडात मारते. या प्रकरणावर आजवर चर्चा झाली ती आई बरोबर की मुलगी बेअदब, अशी. सासरहून दुखावून आलेल्या मुलीचा हात धाकट्या बहिणीवर पडतो, आणि तिच्यावर आईचा, ही साखळी कोणी मोजली नाही. आम्हीही वर्षानुवर्षे हे ‘अदब’ या मथळ्याखालीच शिकलो.

अदब हा शब्दच पाहा. साहित्यही अदब आणि शिस्तही अदब. मुलाला मकतबात घालताना आईबाप उस्तादांना सांगत, ‘हड्डी हमारी, चमड़ी आपकी.’ दहा वर्षांच्या मुलाला नमाजसाठी मारावं, ही रिवायत घरोघरी पाठ आहे. पैगंबरांनी कधी बाईवर वा नोकरावर हात उचलला नाही, ही हजरत आयशांची रिवायत मात्र बयानात क्वचितच ऐकू येते. आणि ट्यूनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने तर १३७७ सालच्या ‘मुकद्दमा’त एक प्रकरणच लिहिलं आहे की, सक्तीने वाढवलेलं मूल खोटं बोलायला शिकतं, मनातलं लपवतं, आणि पुढे ती लबाडीच त्याचा स्वभाव होते. म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वी हे आपल्याच घरात सांगून झालेलं आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला इब्न खल्दूनचं नावही भेटलं नाही.

मराठी घराची गोष्ट फार वेगळी नाही. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. पोहायला भिणाऱ्या श्यामला त्यातली आई शिंपटीने मारून बाहेर काढते, आणि नंतर तिलाच वाईट वाटतं. महाराष्ट्राने हा मार माया म्हणून वाचला. त्याआधी १८८२मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली ती सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून. तिने आपलं नवजात मूल मारलं होतं. सगळी वर्तमानपत्रं तिच्यावर तुटून पडली असताना, तिला त्या टोकाला नेणारे पुरुष कुठे आहेत, असं ताराबाईंनी विचारलं. आम्हाला हा प्रश्न घरातल्या रोजच्या चापटीलाही लावावासा वाटतो.

कायद्याने घरात पाऊल टाकलं ते फार हळू. १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याची नेहमीची मारहाण हे फारकतीचं कारण धरलं गेलं. हात न लावता केलेला छळही त्यात आला. हे कलम आमच्या बायकांना १९८३च्या ‘४९८अ’च्या चव्वेचाळीस वर्षं आधी मिळालं होतं, आणि किती जणींना ते माहीत आहे? पण त्यातून वाट मिळे ती घराबाहेर पडण्याची. घरात राहून मार थांबवायची सोय २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने केली. तो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. मधल्या काळात आपल्या सुधारणेच्या चळवळीचा जोर तलाकवर राहिला. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला तेव्हाही मुद्दे तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाचेच होते. ते हवेच होते. पण जिला तलाक मिळत नाही आणि रोज मार मिळतो, ती बाजूला राहिली.

आणि तिचं मूल? शाळेतली छडी शिक्षणहक्क कायद्याने १ एप्रिल २०१०पासून बंद केली. आमची काडी त्यानंतरचीच, हे कबूल केलं पाहिजे. घरातल्या पालकाला मात्र १८६०च्या दंडसंहितेने बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी ‘सद्भावनेने’ केलेल्या कृतीची सूट दिली होती; २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती तशीच आहे. स्वीडनने आईबापांचा हात १९७९मध्येच अडवला. केंद्र सरकारच्या २००७च्या बालछळ अभ्यासात महाराष्ट्रासह १३ राज्यं होती. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच निघाले. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२००५-०६) ५४ टक्के बायकांनी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने मारणं रास्त ठरवलं. विचारलेल्या कारणांत एक होतं, घराकडे वा मुलांकडे दुर्लक्ष. मूल बिघडलं तर मार आईला, म्हणून आई आधीच मुलाला मारून मोकळी होते.

आमच्या जिल्ह्यात हे विडीच्या सुपाशी बसून कळतं. घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही १९६६च्या विडी कामगार कायद्याने कामगार मानलं. पण हिशेब हजारावर. मूल रडलं, पानं विसकटली की हजार पुरे होत नाहीत, आणि संध्याकाळी नवरा हिशेब विचारतो. तो धंदा आता पूर्वीइतका राहिला नाही, पण कोपर वर धरणाऱ्या त्या मुलीची आई अजून वळते.

ती शाळेत आली ती तक्रार घेऊनच. ‘मारा हिला, अभ्यास करत नाही.’ आम्ही कोपराचं सांगितलं. बराच वेळ ती गप्प बसली. मग तिने ओढणी सरकवून स्वतःचा दंड दाखवला. आम्ही संरक्षण अधिकाऱ्याविषयी सांगितलं. मूल पीडित असेल तर मारणाऱ्याला त्याच्या शाळेत येण्यासही न्यायालय मनाई करू शकतं, असं कायद्याच्या कलम १८मध्ये आहे, तेही सांगितलं. तिने एकच विचारलं, केस चालू असताना हिचा दहावीचा फॉर्म भरला जाईल ना? भरला जाईल, असं आम्ही म्हणालो.