पुढच्या शनिवारी ये

फोन खिशातून काढून ठेवा, इथून पुढे त्याचा उपयोग नाही. साल 1962, सप्टेंबरचे शेवटचे दिवस. गाव अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं, डेट्रॉइटला खेटून वसलेलं. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. गुडघ्यावर खपली आहे आणि सायकलच्या हँडलला वह्या बांधल्या आहेत. शाळा सुटून अर्धा तास झाला तरी तुम्ही घरी गेलेला नाहीत. शेव्हरोलेच्या शोरूमसमोर उभे आहात, कारण शोरूमच्या काचा आतून कागद चिकटवून झाकल्या आहेत.

इथे गाड्यांचा हंगाम असतो, आपल्याकडे आंब्याचा असतो तसा. पानगळ सुरू झाली की पुढच्या सालच्या गाड्या येतात. मागच्या गाडीचे शेपटीचे पंख कापलेले, दिवे वाढवलेले, क्रोमची पट्टी वर सरकलेली. जाहीर व्हायच्या दिवसापर्यंत सगळं गुपित. त्याच काळात मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, आणि आलेली गाडी शेजाऱ्याच्या गाडीसारखीच असायची. अमेरिकेतलं वाट पाहणं वेगळं होतं. आपण कधी येणार म्हणून थांबायचो, ते कशी दिसणार म्हणून.

डाव्या कोपऱ्यात कागद जरा सुटला आहे. तिथे डोळा लावा. अंधारात एक पाठ दिसते, माशासारखी निमुळती होत गेलेली. छतापासून निघालेला एक कणा थेट शेपटीपर्यंत उतरतो आणि वाटेत मागच्या काचेचे सरळ दोन तुकडे करतो. तुमचा श्वास काचेवर धुकं धरतो. ही 1963 ची कॉर्व्हेट स्टिंग रे.

तुम्हाला ती गाडी नको आहे. म्हणजे हवी आहे, पण किंमत चार हजार डॉलरच्या वर आहे आणि तुमचे वडील जुन्या स्टेशन वॅगनचाच हप्ता भरताहेत. तुम्हाला हवी आहे ती हीच गाडी, पंचविसाव्या हिश्शाची. खरी साडेचार मीटरच्या जरा आत, म्हणजे तुमची जेमतेम अठरा सेंटिमीटर. पट्टी घेऊन हा भागाकार तुम्ही वहीच्या मागच्या पानावर आधीच केलेला आहे.

ती छोटी गाडी इथून फार लांब तयार होत नाही. ट्रॉय नावाच्या उपनगरात एएमटी नावाची कंपनी आहे. नावाचा मूळ अर्थ ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज, पण ॲल्युमिनियम कधीच मागे पडलं, आता सगळं प्लॅस्टिक. त्यांचा जुना धंदा मोटार कंपन्यांना तयार छोट्या गाड्या पुरवण्याचा. खऱ्या गाडीच्याच रंगातली ही मॉडेलं विक्रेत्याच्या टेबलावर असायची आणि वडील सही करेपर्यंत पोराच्या हातात द्यायला कामी यायची. नवी गाडी शोरूममध्ये लागेल तेव्हा तिचं पिल्लूही हजर हवं, म्हणून मोटार कंपन्या एएमटीला आराखडे महिनोन् महिने आधी देत. म्हणजे सगळ्या देशापासून लपवलेली गाडी ट्रॉयमधल्या काही कारागिरांना ठाऊक असे. ते तिचा मोठा नमुना घडवत, पँटोग्राफची एक दांडी त्या नमुन्यावर फिरे आणि दुसऱ्या टोकाला तोच आकार लहान होऊन साच्याच्या धातूत कोरला जाई. मला त्या कारागिरांचा हेवा वाटतो तो कौशल्यापेक्षा या गुपितापायी. संध्याकाळी घरी जाऊन जेवताना ते काय बोलत असतील?

1958 पासून एएमटीने हीच मॉडेलं सुटे भाग करून विकायला काढली. एका खोक्यात तीन गाड्या, म्हणजे भाग इतके की वाटलं तर शोरूममधल्यासारखी बांधा, वाटलं तर आपल्या मनासारखी सजवा, नाहीतर शर्यतीची करा. किंमत दीड डॉलरच्या आसपास. सुट्या भागांच्या अशा खोक्याला तिथली पोरं किट म्हणत.

आता किटच्या दुकानात चला. दार ढकललं की वर घंटी वाजते. फळ्यांवर खोकी छतापर्यंत, आणि लाकूड, रंग, गोंद यांचा मिळून एक वास. काउंटरवर कोपरं टेकून तुमच्यासारखे आणखी तिघे उभे आहेत. वाद रंगात आलेला आहे. एक म्हणतो, दारं उघडणारी असतील. दुसरा म्हणतो, वेडा आहेस का, दारं कधी उघडतात, बॉनेट उघडेल फार तर. तिसऱ्याच्या मामाचा मित्र कारखान्यात आहे. असा एक मामा प्रत्येक दुकानात असतो, आणि त्याची बातमी प्रत्येक वेळी चुकते. दुकानदार चष्म्यावरून बघतो आणि गेल्या शनिवारी म्हणाला होता तेच म्हणतो, “पुढच्या शनिवारी ये.”

तुम्ही येता. फोर्ड आली आहे, पाँटिअॅक आली आहे, कॉर्व्हेट नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मधल्या दिवसांत तुम्ही शेजाऱ्यांच्या अंगणातली पानं गोळा करून नाणी जमवता आणि शाळेच्या वहीत तो मागचा कणा इतक्या वेळा काढता की डोळे मिटूनही काढता यावा. रंग ठरवता, बदलता, पुन्हा ठरवता. खरं सांगू का, या छंदात गाडी सगळ्यात सुंदर बांधली जाते ती याच आठवड्यांत. कुठे गोंद ओघळत नाही, कुठे रंग ठिबकत नाही.

22 ऑक्टोबरचा सोमवार. संध्याकाळी घरातला टीव्ही लागतो आणि आज कोणी चॅनेल बदलत नाही. अध्यक्ष केनेडी सांगताहेत की क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं आहेत. आई हातातलं भांडं पुसायचं विसरते. शाळेत बाकाखाली डोकं लपवायची कवायत तुम्ही केलेलीच आहे, पण आज वडिलांचा चेहरा बघून ती खरी वाटते. तुम्ही आजच्या काळातून गेलेले मराठी वाचक असल्याने तुम्हाला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. दोनच दिवसांपूर्वी चीनने भारताच्या सीमेवर हल्ला केला आहे आणि महिनाभरात यशवंतराव चव्हाण संरक्षण खातं सांभाळायला मुंबईहून दिल्लीला जाणार आहेत. जगाला दोन्ही बाजूंनी आग लागलेली. आणि अंथरुणात पडल्यावर अकरा वर्षांच्या त्या डोक्यात जो प्रश्न येतो तो कोणालाही सांगण्यासारखा नाही, की बॉम्ब पडला तर शनिवारी दुकान उघडं असेल का.

बॉम्ब पडत नाही. भोपळ्यांचा सण होतो, भोपळे सडतात, झाडं बोडकी होतात. आणि एका शनिवारी घंटी वाजते तेव्हा दुकानदार काही बोलत नाही, नुसता खाली वाकतो.

खोकं हातात घ्या. हलवून बघा. आतला तो खुळखुळ ज्याने ऐकला आहे त्याला वेगळं सांगायला नको.

इथे मला तुम्हाला थांबवावंसं वाटतं. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. तुम्हाला ठाऊक आहे की दरसालच्या या किटचे साचे बहुतेकदा पुढच्या सालच्या गाडीसाठी कापून बदलले जात. नवे पंख, नवी जाळी त्याच धातूत कोरायची. जुनी गाडी तिथेच संपली, पुन्हा ती निघणं नाही. म्हणून त्या काळची न उघडलेली खोकी आज लोक कपाटात कुलपाखाली ठेवतात. एएमटीचं नाव आज इंडियानातल्या राउंड टू या कंपनीकडे आहे. ती हरवलेल्या साच्यांच्या जागी जुन्या किटचे भाग मोजून नवे साचे पाडते, आणि एखादी गाडी परत येणार म्हटलं की सत्तरी ओलांडलेले गृहस्थ महिने मोजू लागतात. तेव्हा पोरा, उघडू नकोस, ठेव तसंच, असं सांगायला जीभ वळवळते.

पण उपयोग नसतो. जुन्या किटचे टायर मऊ व्हिनाइलचे. त्यातलं तेलकट रसायन वर्षानुवर्षं पाझरतं आणि ज्या प्लॅस्टिकला टेकेल त्याला वितळवून चट्टे पाडतं. बंद खोक्यात जपलेल्या कितीतरी गाड्या अशा स्वतःच्याच चाकांनी खाल्लेल्या निघतात. उघडा खुशाल.

झाकण वर येताना हवा ओढल्याचा बारीक आवाज होतो. पांढरी बॉडी एकसंध, बाकी भाग चौकटींना लटकलेले, फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे. क्रोमची चौकट वेगळी. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून केलेली ती चकाकी नखाने खरवडली तर निघते, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. बोट मागच्या काचेच्या जागी जातं. कणा आहे, दोन खिडक्या आहेत. इतके आठवडे वहीत काढला तो हाच.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरा. गेल्या महिन्याचंच आहे, मथळ्यात क्युबा दिसेल. ट्यूबमधला गोंद प्लॅस्टिकला नुसता चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतो, त्यामुळे चूक झाली की ती कायमची. आणि चूक होणारच. इंजिन जमेल, चाकं फिरतील, पण शेवटी समोरची काच बसवताना बोटाला लागलेला गोंद तिच्यावर उमटेल, सगळ्या वळणांसह, पोलिसांनी ठसा घ्यावा तसा. त्या पिढीच्या हातून बांधलेली गाडी कुठे सापडली तर आधी काच उजेडात धरून बघा, मालक तिथेच भेटतो.

वर्ष जातं. 1963 चा सप्टेंबर. शोरूमच्या काचांना पुन्हा कागद, पुन्हा सुटलेला कोपरा. या वेळी आत दिसणाऱ्या कॉर्व्हेटच्या पाठीवर कणा नाही, मागे एकच सलग काच. रचनाप्रमुख बिल मिचेलचा त्या कण्यावर जीव होता. गाडीचे अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांचं म्हणणं, त्यापायी मागचं काही दिसत नाही. डंटोव्ह जिंकले. तुम्ही घरी येता, फळीवरची तुमची गाडी उतरवता. ती एकदम जुनी दिसायला लागली आहे. वडिलांच्या हत्यारांतून बारीक करवतीचं पातं काढता आणि तो कणा कापून टाकता.

खऱ्या गाड्यांच्या काही मालकांनीही तेच केलं. कणा कापून 1964 ची काच बसवली. दोन खिडक्यांच्या त्या कॉर्व्हेट एकूण 10,594 निघाल्या होत्या.