टिळकांच्या घरातले स्थित्यंतर



रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेमुळे ठाऊक. फुलामुलांचे कवी, एवढी ओळख परीक्षेला पुरत असे. पुढे इतिहास वाचताना मात्र कवीपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच मला अधिक विचार करायला लावला.

टिळकांचा जन्म १८६१ साली, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा हयात असून संसार मोडलेला, पदरी लहानगा दत्तू. काही वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे नगरला आल्या, तरी सोवळे आणि चूल वेगळीच ठेवली. टिळकांची श्रद्धा त्यांनी उसनी घेतली नाही. माणसामाणसांतला उच्चनीच भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. आधी शिवाशीव सुटली, मग १९०० साली बाप्तिस्मा झाला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

श्रद्धेने माणूस बदलला म्हणजे काय, हे त्या घरात दिसते. तिथे पोरक्या मुलांना आसरा मिळाला. बालकवी ठोंबरे धर्म न बदलता तिथे घरच्यासारखे राहिले. टिळकांनीही मराठीपण सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्याचे दार उघडे होते.

१९१९ मध्ये टिळक गेले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत नवऱ्यावरचा राग आहे, विनोद आहे आणि माया आहे. श्रद्धेने त्यांचा स्वभाव पुसला नाही, मन मोठे केले.

आपल्या वर्गात निरनिराळ्या घरांतली मुले एका बाकावर बसली. कोणाचा धर्म कोणता, यापेक्षा त्या धर्माने त्याच्या घराचे दार किती उघडले, हे पाहावे, एवढेच मला या इतिहासातून उमजले.