महामारी आणि भांडवलाचा बाजार

रोगाची साथ आली कीं शेअरबाजार कोसळतो, ही समजूत अलीकडे इतकी रूढ झाली आहे कीं तिची शहानिशा करण्याचें कोणास सुचत नाहीं. परंतु 1918 सालचा दाखला तिच्या अगदीं विरुद्ध आहे. त्या वर्षाच्या जून महिन्यांत इन्फ्लुएंझा मुंबई बंदरांत उतरला. आक्टोबरांत दुसऱ्या लाटेनें शहरांत एकाच दिवशीं साडेसातशेंहून अधिक माणसें नेलीं, आणि साऱ्या हिंदुस्थानांत मृतांची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली. अमेरिकेंतही तोच आकांत चालला होता. असें असतां न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक, जो 1917 अखेर 74 च्या सुमारास होता, तो 1918 अखेर 82 वर गेला! मुंबईंत तर युद्ध संपल्यावर कापडगिरण्यांच्या शेअरांस जी तेजी आली, तिनें ह्या मृत्यूंचें सुतक मुळींच पाळलें नाहीं.

बाजार निर्दय असतो, एवढेंच ह्याचें कारण नव्हे. प्रेतें मोजणें हें त्याचें कामच नाहीं. पुढें कारखान्याच्या हातीं पैसा किती येईल हें तो मोजतो. 1918 सालीं त्याची नजर महायुद्धाच्या शेवटाकडे लागली होती, आणि साथीसाठीं देशचे देश बंद ठेवण्याची कल्पना कोणत्याही सरकारास सुचली नव्हती.

2020 सालीं ती सुचली. भारतांत रोग्यांची संख्या अजून शेंकड्यांत होती, तोंच 23 मार्च रोजीं मुंबईच्या सेन्सेक्सनें एका दिवसांत 3,934 अंश, म्हणजे शेंकडा 13 हून अधिक, गमावले. शेंकडा दहाची उतरण होतांच नियमाप्रमाणें पाऊण तास व्यवहार थांबविण्यांत आले; पण त्यानें भीति थांबली नाहीं. उत्पन्नाचा झराच आटणार असें दिसतांच ज्याला त्याला रोकड हवी झाली. जगाच्या बाजारांत कांहीं दिवस सोनेंसुद्धां विकलें जात होतें. अखेर ही तहान मध्यवर्ती बँकांनीं भागविली. अमेरिकेच्या बँकेनें व्याजदर शून्यालगत आणून लागतील तितके सरकारी रोखे विकत घेण्याचें जाहीर केलें. आमच्या रिझर्व्ह बँकेनें रेपोदर 5.15 वरून मार्चांत 4.40 व मे महिन्यांत 4 वर आणला. एप्रिल ते जून ह्या तिमाहींत देशाचें उत्पन्न शेंकडा 23.9 नें घटल्याचा सरकारी अंदाज निघाला; तरी नोव्हेंबरांत सेन्सेक्स जानेवारीच्या उंचीस परत पोंचला. मार्चांत घाबरून विकणाराचा तोटा कायमचा झाला. उलट नवखे लोक बाजारांत शिरले. डीमॅट खातीं वर्षभरांत सुमारें चार कोटींवरून साडेपांच कोटींच्या आसपास गेलीं.

परंतु आम्हांस ह्या सर्वांहून अधिक विचारार्ह वाटतो तो शेअरांस कधीं हातही न लावणारा पेन्शनर. आपण ह्या वादळाबाहेर आहों, अशी त्याची समजूत होती. ज्या स्वस्ताईच्या पैशानें बाजार सांवरला, तिचा भुर्दंड त्याच्या व्याजांतून वसूल झाला, आणि त्याची बातमी कोणीं ठळक अक्षरांत छापली नाहीं. 1 एप्रिल 2020 पासून ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेंतील नव्या ठेवींचें व्याज 8.6 वरून 7.4 झालें, भविष्य निर्वाहाच्या सार्वजनिक खात्याचें 7.9 वरून 7.1. महागाई मात्र त्या वर्षीं बहुतेक महिने शेंकडा सहाच्या वरच होती. पंधरा लाख ही त्या योजनेची तेव्हांची कमाल मर्यादा. मार्चअखेर निवृत्त होऊन ज्यानें तितकी रक्कम ठेवली, त्यास सालीना 1,29,000 रुपये मिळावयाचे. एप्रिलांत ठेवणारास 1,11,000. दोघांत अंतर चार दिवसांचें, आणि महिन्याकाठीं दीड हजार रुपयांचें, तेंही पुढील पांच वर्षें.