दारं धरताना
आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणत. आबा तीन सेलची बॅटरी घेऊन रात्री उसाला दारं धरायला जायचे. उजेड पिवळा पडला, की सेल पत्र्यावर उन्हात ठेवायचे. आणखी एखादी रात्र निघायची. अशाच मिणमिणत्या उजेडात घोणस दिसली नाही. आबा वाचले, पायाचं बोट गेलं.

पुढं शिशाची चार्जिंगची बॅटरी आली. चार्ज न करता पडून राहिली, की ती मरायची. १९९१ साली सोनीनं लिथियम-आयन सेल बाजारात आणला, आमच्या बांधावर तो पुष्कळ उशिरा पोचला. ३.७ व्होल्टच्या त्या एका सेलवर आता शेताचं दुसरं टोक दिसतं. पण तो पिवळा पडून इशारा देत नाही, एकदम विझतो. म्हणून आबा अजून बजावतात, "जोडीचा सेल खिशात टाक, लेका."