कुरळे केस : स्वीकार व निगा

कुरळे केस. टाळूतील वळलेल्या केशकूपांतून उगवणारे, आडवा छेद घेतल्यास लंबवर्तुळाकार दिसणारे केस. मंद लाटांपासून बारीक, घट्ट वेटोळ्यांपर्यंत त्यांचे प्रकार आढळतात. प्रस्तुत नोंदीत आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट कुरळे केस केंद्रस्थानी आहेत. त्यांच्या निगेची तत्त्वे महाराष्ट्रातील कुरळ्या केसांनाही बव्हंशी लागू पडतात.

रचना. टाळूतून स्रवणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. वेटोळ्यांवरून ते टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे केस मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे राहतात. प्रत्येक वळणाशी केस नाजूक असतो आणि कोरडा विंचरल्यास तिथेच तुटतो. घट्ट कुरळ्या केसांची वाढ महिन्याला सरासरी एक सेंटिमीटरहून कमी असते, शिवाय बरीच लांबी वेटोळ्यांत दडते. ‘केस वाढतच नाहीत’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा वाढीत नसून तुटण्यात असते.

शिल्पांतील कुरळे केस. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरात या विषयाचा जुना पुरावा दगडात आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यातील (विश्वकर्मा) बुद्धमूर्तीच्या मस्तकावर उजवीकडे वळलेल्या लहान वेटोळ्यांच्या ओळी आहेत. गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थाने तलवारीने केस कापले आणि उरलेले केस कायमचे वळून बसले, या कथेशी ही शैली जोडली जाते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील काही युरोपीय अभ्यासकांनी या केसांवरून बुद्धाचे मूळ आफ्रिकेत शोधले. ते मत टिकले नाही. औरंगाबाद लेण्यांतील तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकलेले, जवळजवळ पुरुषभर उंचीचे उपासक आहेत. त्यांच्या केशरचना शिल्पकाराने इतक्या आस्थेने कोरल्या आहेत, की केसांचा अभ्यास करणाऱ्याने हे लेणे टाळून पुढे जाऊ नये. बटा, गाठी आणि आभूषणे यांचा मेळ व्यक्तीगणिक बदलतो. कुरळेपणा हे इथे वैगुण्य नाही. पूज्य आणि पूजक दोघेही तो मिरवतात.

हबशी व सिद्दी. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या खडकी गावातून वाढले, ते १६१० मध्ये मलिक अंबर यांनी वसवले. त्यांचा जन्म आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव आणि जन्मवर्ष यांबद्दल एकमत नाही. गुलाम म्हणून अनेक हातांतून विकले गेलेले अंबर निजामशाहीचे कर्तेधर्ते झाले. १६२६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर खुलताबादला आहे. त्यांची नहर, लष्करी डावपेच आणि महसूलव्यवस्था यांची नोंद विपुल आहे. १६१७ मध्ये त्यांना भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने त्यांच्या चेहऱ्याचे आणि बांध्याचे वर्णन केले. चित्रांत मात्र ते पागोट्यात दिसतात. दख्खनमध्ये अंबर यांच्यासारख्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना हबशी म्हणत. या मोठ्या हबशी समाजाने केसांची निगा कशी राखली, हा धागा इतिहासकारांनी जवळपास सोडूनच दिला, आणि ती उणीव खरी आहे.

आफ्रिकी वंशाच्या लोकांना सिद्दी असेही म्हणतात. मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींचे राज्य १९४८ मध्ये विलीन झाले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, अंकोला भागांत राहणाऱ्या सिद्दींना कर्नाटकात २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बोलीवर कोकणी आणि मराठीचा ठसा आहे.

मानवशास्त्र. विसाव्या शतकाच्या आरंभी केस हे वंश ठरवण्याचे मोजमाप मानले गेले. जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांनी केसांच्या रंगांच्या नमुन्यांची पेटी बनवली होती. इरावती कर्वे यांनी १९२७–३० या काळात बर्लिनमध्ये त्यांच्याच हाताखाली कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला आणि मोजमापे गुरूंच्या वंशविषयक गृहीतकाला पुष्टी देत नाहीत, हे निर्भयपणे नोंदवले. मराठी विद्वत्तेतील हे धैर्य केसांच्या इतिहासातही नोंदवले पाहिजे.

अमेरिका. गुलामगिरीनंतरच्या काळात केस सरळ करणारे तापवलेले कंगवे आणि क्षारयुक्त क्रीम कृष्णवर्णीयांत रूढ झाले. १९६० च्या दशकात ‘अफ्रो’ ही नैसर्गिक रचना नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर पुढे आली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केशरचनेवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा ‘क्राउन’ कायदा केला.

सरळीकरण. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौक, उस्मानपुरा, निराला बाजार या भागांतील पार्लरांत स्मूदनिंग, रिबाँडिंग आणि केराटिन हे शब्द आता परिचयाचे आहेत. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट केसांतील गंधकबंध तोडते. मग केस तप्त इस्त्रीने सरळ करून बंध पुन्हा जोडतात. काही केराटिन द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी ‘सिस्टर स्टडी’त ३३,४९७ स्त्रियांचा समावेश होता. सरळीकरणाची द्रव्ये वर्षात चारहून अधिक वेळा वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाजित धोका ४.०५ टक्के, तर कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आढळला. हा संबंध आहे, कार्यकारणाची सिद्धता नाही. तरीही पार्लरमध्ये बसण्यापूर्वी प्रत्येकीला हे आकडे माहीत असायला हवेत.

निगा. रोज शाम्पूने डोके धुऊ नये. नहाण्यापूर्वी खोबरेल लावण्याच्या घरगुती प्रथेला आधार आहे: आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांच्या २००३ मधील शोधनिबंधात खनिज, सूर्यफूल आणि खोबरेल या तीन तेलांपैकी फक्त खोबरेलाने केसातील प्रथिनांची झीज कमी केली. गुंता ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतच बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून मुळाकडे सोडवावा. खरखरीत टॉवेलने घासण्याऐवजी जुना सुती पंचा दाबून पाणी टिपावे. मराठवाड्यात सहज मिळणारे जवस पाण्यात उकळून गाळल्यास चिकट जेल मिळते. ते ओल्या बटांवर लावून बटा तशाच वाळू द्याव्यात. उरलेले जेल फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावे. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम केसांवर थर धरते, म्हणून शेवटचा हात तरी मऊ पाण्याचा घ्यावा. मुलींच्या केसांना ‘झिपऱ्या’ म्हणणे आणि शाळेसाठी ते करकचून बांधणे, दोन्ही थांबवावे. सततच्या ओढीने कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात.

नैसर्गिक केसांकडे परतताना रसायनाने सरळ केलेला भाग पुन्हा कुरळा होत नाही. नवी वाढ मात्र मुळापासून कुरळी येते. दोन पोतांच्या सांध्यावर केस सर्वांत लवकर तुटतात. म्हणून काही जणी सरळ भाग एकदम कापतात, तर काही जणी दर दोन-तीन महिन्यांनी टोके छाटत जातात.