ड्यूकचं नाक आणि वेलस्लीचं आडनाव

तुंगार्लीहून लोणावळा ओलांडून कुरवंड्याकडे गेलात की नागफणीचा कडा लागतो. त्याचं इंग्रजी नाव 'ड्यूक्स नोज'. हा ड्यूक म्हणजे वेलिंग्टनचा ड्यूक, आर्थर वेलस्ली, असं सांगितलं जातं. त्याचं नाक इतकं ठसठशीत होतं की सैनिक त्याला 'ओल्ड नोझी' म्हणत. माहिती इथं संपते. संशोधक म्हणून तुम्ही पुढचा प्रश्न विचारायचा : हे नाव कधीपासूनचं?

एप्रिल १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी वेलस्ली फौज घेऊन पुण्यात आला. सप्टेंबरमध्ये असईला लढला. पण तेव्हा तो मेजर जनरल होता. ड्यूक झाला १८१४ मध्ये. म्हणजे ड्यूक हाच असेल, तर कड्याचं हे नाव १८१४ च्या आधीचं असूच शकत नाही. एकही दप्तर न उघडता काळाची एक कड हाती आली.

आता हाच प्रश्न आडनावाला विचारा. 'वेलस्ली' हे इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका ठिकाणाचं नाव. शेवटचा 'ली' म्हणजे जुन्या इंग्रजीत रानातली मोकळी जागा. आपल्याकडे होळ गावावरून होळकर झाले, तशातलाच प्रकार. (तुंगार्लीतही 'ली' आहे म्हणून नातं जोडू नका. नुसतं ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे.)

मग आर्थरचे पूर्वज वेलस्लीचे? इथं गंमत आहे. आर्थरचे आजोबा होते रिचर्ड कॉली. आयर्लंडमधल्या गॅरेट वेस्ली या निपुत्रिक नातलगाची मालमत्ता १७२८ मध्ये त्यांच्याकडे आली आणि त्यांनी वेस्ली हे आडनाव घेतलं. आर्थर १७६९ मध्ये जन्मला तो वेस्ली म्हणून, १७९७ मध्ये भारतात उतरला तोही वेस्ली म्हणूनच. १७९८ च्या सुमारास या घराण्यानं 'वेलस्ली' हे जुनं रूप पुन्हा घेतलं. त्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला.

म्हणजे आडनावात गाव आहे, पण आजोबांच्या पदरात ते पडलं इस्टेटीबरोबर. आपल्याकडे भटांचे पेशवे झाले ते पदामुळे. आडनाव रक्ताचा दाखला देतंच असं नाही. कधी ते जमिनीचा, कधी हुद्द्याचा दाखला देतं. 'आडनाव अमुक, म्हणून मूळ गाव अमुक' असं प्रबंधात लिहाल, तर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

याचा व्यवहारी फायदाही आहे. १७९८ पूर्वीच्या कागदांत 'वेलस्ली' शोधत बसलात तर हा माणूस सापडणारच नाही. तिथं 'वेस्ली' शोधावा लागेल. तेव्हा कोणत्याही घराण्यावर काम करताना आधी एक तक्ता करा : आडनावाचं प्रत्येक रूप, ते पहिल्यांदा दिसणारा कागद, त्याचं साल आणि त्या सुमारास घरात काय बदललं. अर्थ आणि व्युत्पत्ती त्यानंतर.